विधवेचे परदेशगमन आणि समाजाचे देणे

पदरी तान्हे मूल असताना वैधव्य आलेल्या स्त्रीने ते मूल घेऊन जगाच्या प्रवासाला निघावे, ही गोष्ट आजही पुण्यासारख्या शहरात सहजी पचनी पडत नाही. मुलाच्या प्रकृतीचे काय, त्याच्या शाळेचे काय, परमुलखात एकटी बाई आजारी पडली तर मुलाकडे कोण पाहणार, असे प्रश्न तिच्यापुढे ठेवले जातात. प्रश्न करणारे बहुधा हितचिंतकच असतात आणि प्रश्नही खोटे नसतात. परंतु त्यांची उत्तरे एकट्या तिनेच द्यावीत अशी अपेक्षा असते. शासन, विद्यापीठे, नोकरी देणारे मालक आणि आप्तेष्ट यांनी या प्रश्नांची काय व्यवस्था केली आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात चार कोटींहून अधिक विधवा स्त्रिया होत्या. त्यांपैकी लहान मुलांच्या माता किती आणि परदेशी शिक्षणाची वा कामाची संधी चालून आली असता घरातील मुलामुळे ती सोडावी लागलेल्या किती, याची मोजदाद कोठेही ठेवली जात नाही. जे मोजले जात नाही त्याची तरतूदही होत नाही, हा सार्वजनिक अर्थव्यवहाराचा जुनाच अनुभव आहे.

या विषयाचा विचार करण्यास पुण्याइतके योग्य गाव दुसरे नाही. कारण मूल बरोबर घेऊन समुद्र ओलांडणारी आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून परतलेली विधवा याच शहराने पाहिली, तिचा गौरव केला, तिच्यावर रोषही केला. पंडिता रमाबाईंचे चरित्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. परंतु त्या चरित्राची चर्चा धर्मांतराच्या वादाभोवती इतकी फिरत राहिली, की एका लहान मुलीची विधवा आई या नात्याने त्यांनी केलेल्या प्रवासाचा जमाखर्च मांडण्याचे राहूनच गेले.

एका प्रवासाचा हिशेब

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपणच तीर्थयात्रेत गेले. आईवडील दुष्काळात गेले, पाठीराखा भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. मुलगी तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. आई जेमतेम तेवीस वर्षांची होती. माहेर उरले नव्हते आणि सासरचा आधारही नव्हता. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिकांची आणि स्त्रीवैद्यांची गरज प्रतिपादन केली, आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या, तेव्हा जहाजाचे भाडे या पुस्तकाच्या उत्पन्नातून उभे राहिले.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील जोगिणींच्या मठाने त्यांना आश्रय दिला. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा रमाबाईंचा मनोदय बहिरेपणामुळे सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या एकीकडे शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत होत्या. १८८६ च्या मार्चमध्ये, नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी, त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या. थोड्या दिवसांसाठी ठरलेला हा मुक्काम दोन वर्षांहून अधिक लांबला. बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास, १८८७ साली प्रसिद्ध झालेला 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हा इंग्रजी ग्रंथ, गावोगावची व्याख्याने आणि त्यांतून बॉस्टन येथे उभी राहिलेली रमाबाई असोसिएशन ही त्या काळातील निष्पत्ती होय. या संस्थेने हिंदू विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे मान्य केले. सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडून, जपानमार्गे, १८८९ च्या प्रारंभी त्या स्वदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले.

आता हिशेबाच्या दुसऱ्या बाजूकडे पाहावे. जहाजभाडे पुस्तकाने दिले, इंग्लंडातील पोटापाण्याची सोय मठाने आणि अध्यापनाने झाली, अमेरिकेतील खर्च व्याख्यानांनी आणि ग्रंथाने भागविला. परंतु आई वर्गात असताना, व्याख्यानपीठावर असताना, आगगाडीत असताना मुलीकडे कोण पाहत होते? मनोरमेचा इंग्लंडातील पुष्कळसा काळ वाँटेजच्या जोगिणींच्या देखरेखीखाली गेला. आणि अमेरिकेतील फेरा लांबल्यावर तिला पुन्हा इंग्लंडात पाठवावे लागले. म्हणजे ज्या प्रवासाला आपण एका स्त्रीचे अतुल धैर्य म्हणून वाखाणतो, तो मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या स्त्रियांच्या बिनपगारी श्रमावर उभा होता. धैर्य रमाबाईंचे होते, यात शंका नाही. पण धैर्याने मुलाला दूध पाजता येत नाही आणि तापात त्याच्या उशाशी बसता येत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

मदतीची किंमत

ही मदत फुकट मिळाली काय? पैशाच्या रूपात तिची किंमत कोणी मागितली नाही. परंतु रमाबाईंचा इंग्लंडातील पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो चाळणाऱ्यास मागण्याचे खरे स्वरूप समजते. मायलेकींचा बाप्तिस्मा १८८३ च्या सप्टेंबरात झाला होता. तरीही मुलीला कोणत्या पंथाचे आणि कोणत्या वळणाचे धर्मशिक्षण द्यावे, यावरून आई आणि तिच्या आश्रयदात्या यांच्यात सतत खटके उडत राहिले. मुलीच्या संगोपनाबाबत अंतिम निर्णय आईचा, ही भूमिका रमाबाईंनी सोडली नाही. ज्यांच्या घरी आपले मूल वाढते त्यांना नकार देणे किती अवघड असते, हे कोणाही एकट्या पालकाला सांगावे लागणार नाही.

याच व्यवहाराची दुसरी आवृत्ती पुण्यात घडली. शारदा सदनाला येथील सुधारकांचे पाठबळ होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्याच्या सल्लागार मंडळात होते. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत आहे असा आक्षेप घेतला गेला, वर्तमानपत्रांतून रान उठले, १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली नेल्या. त्या वादात कोणाचे किती बरोबर होते, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पालकांची भीती निराधार होती असेही म्हणता येणार नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट एवढीच, की वाँटेज काय किंवा पुणे काय, विधवेला आणि तिच्या मुलाला आधार देणाऱ्या प्रत्येकाला त्या आधाराबरोबर त्यांच्या जीवनावर थोडा अधिकारही हवा होता. आजची सासरची आणि माहेरची माणसे नातवंड सांभाळतात, तेव्हा त्यांच्या मायेबद्दल संशय घेण्याचे कारण नाही. तरी नोकरी कोणती करावी, कोठे राहावे, पुन्हा लग्न करावे की नाही, यावर त्यांचे मत चालते ते त्या मायेच्याच बळावर. ज्या मदतीला हक्काचे स्वरूप नसते, तिची परतफेड आज्ञाधारकपणाने करावी लागते.

वीस-पंचवीस वर्षांची वाट

रमाबाईंच्या उदाहरणाशेजारी दुसरे एक उदाहरण ठेवले म्हणजे या प्रश्नाचा अर्थशास्त्रीय गाभा स्पष्ट होतो. पार्वतीबाई आठवले या धोंडो केशव कर्वे यांच्या मेहुणी, म्हणजे गोदूबाईंच्या भगिनी. शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक असलेल्या या बालविधवा गोदूबाईंशी कर्व्यांनी १८९३ साली विवाह केला होता. पार्वतीबाईंनाही विशीतच वैधव्य आले आणि पदरी लहान मुलगा होता. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात त्या शिकल्या, तेथेच राबल्या, संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी बेताचेच, हाताशी पैसा नाही; परक्या घरांतून घरकामाची चाकरी करीत त्यांनी दिवस काढले, भाषा शिकून घेतली, संस्थेसाठी निधी जमविला आणि १९२० मध्ये त्या परतल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मकथन १९२८ साली प्रसिद्ध झाले.

दोघीही तरुणपणी विधवा झाल्या, दोघीही कर्तबगार आणि दोघीही समुद्रापार गेल्या. परंतु एक निघाली ती पंचविसाव्या वर्षी, मुलगी बरोबर घेऊन. दुसरी निघाली ती मुलगा कर्ता झाल्यावर, जवळजवळ पन्नाशीत. अर्थशास्त्रात वैकल्पिक परिव्यय नावाची एक संकल्पना आहे. एखादी गोष्ट निवडताना जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती त्या निवडीची खरी किंमत होय, असा तिचा अर्थ. पार्वतीबाईंसारख्या स्त्रीने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जे केले ते पंचविसाव्या वर्षी केले असते तर तिच्या हातून आणखी काय घडले असते, याचे उत्तर कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. मूल वाढविण्यात तिची वर्षे वाया गेली असे म्हणणे हा मातृत्वाचा अपमान ठरेल. पण मूल वाढविणे आणि जग पाहणे यांपैकी एकच निवडण्याची सक्ती तिच्यावर निसर्गाने केली नव्हती. ती व्यवस्थेच्या अभावाने केली होती.

कायद्याने काय दिले

मधल्या काळात कायद्याने बरीच मजल मारली आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने विवाहाची वाट मोकळी केली. परंतु त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेतील हक्क काढून घेतला आणि तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी करण्याची मुभा सासरच्यांना दिली. १९५६ च्या वारसा कायद्याने हिंदू विधवा मिळकतीची पूर्ण मालक झाली. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, वडील हयात असतानाही काही परिस्थितीत आई नैसर्गिक पालक असू शकते, असा निर्वाळा दिला. परदेशगमनाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे तत्त्व सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात १९६७ साली आणि मनेका गांधी यांच्या खटल्यात १९७८ साली प्रस्थापित झाले. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टच्या नियमांत बदल होऊन अर्जावर आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव पुरेसे मानले जाऊ लागले.

सामाजिक रूढींबाबतही कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने २०२२ च्या मे महिन्यात मार्ग दाखविला. मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव तेथील ग्रामपंचायतीने केला. राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. ही गोष्ट भूषणावह आहे. पण रूढी सुटली म्हणून मुलाला सांभाळणारे माणूस मिळत नाही. कायद्याने आणि सुधारणेने विधवेच्या मार्गातील धोंड उचलली. रस्ता बांधण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.

अडथळे आजचे

आजची एकटी माता परदेशी निघते तेव्हा तिच्यापुढे अडचणी येतात त्या वरकरणी क्षुल्लक असतात. अनेक देश मुलाच्या व्हिसासाठी वा प्रवेशासाठी दुसऱ्या पालकाच्या संमतीचा पुरावा मागतात. मुलांची पळवापळवी रोखण्यासाठी हा नियम आवश्यकच आहे. तथापि विधवेच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच होतो, की पतीच्या मृत्यूचा दाखला तिने सदैव जवळ बाळगावा आणि प्रत्येक खिडकीवर तो पुढे करावा. विमानात मांडीवर बसणाऱ्या तान्ह्या मुलाचे भाडे अल्प असते. दोन वर्षे पूर्ण झाली की त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते. मनोरमा ज्या वयात निघाली त्याच वयाला आज खर्चाची उडी बसते.

मुख्य अडचण मात्र पोहोचल्यानंतरची आणि निघण्यापूर्वीची आहे. परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती ठरविताना विद्यार्थी हा एकटा जीव असतो असे गृहीत धरले जाते. कंपनी कर्मचाऱ्याला सहा महिन्यांसाठी परदेशी पाठविते, तेव्हा घरी मूल सांभाळणारे दुसरे कोणीतरी असणारच, हे गृहीत धरते. हे गृहीतक बहुतेक पुरुषांच्या बाबतीत खरे असते, बऱ्याच विवाहित स्त्रियांच्या बाबतीत अर्धे खरे असते, आणि विधवेच्या बाबतीत पूर्णपणे खोटे असते. ते विधुराच्या बाबतीतही खोटेच असते, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. केंद्र शासनाने बालसंगोपन रजा एकल पुरुष पालकांनाही लागू केली आणि महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची रजा देताना पत्नी हयात नसलेल्या कर्मचाऱ्याचा समावेश केला. यावरून शासनालाही ही गोष्ट पटली असल्याचे दिसते. परंतु ही सोय सरकारी नोकरांपुरती आहे. २०१७ च्या मातृत्वलाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. त्याहून लहान दुकानांत, दवाखान्यांत आणि घरकामात राबणाऱ्या स्त्रिया त्याबाहेरच राहिल्या. केंद्र शासनाच्या विधवा निवृत्तिवेतनाची रक्कम २०१२ साली महिना ३०० रुपये करण्यात आली. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेची रक्कम २०२३ साली १५०० रुपये झाली. दोन्ही रकमा एकत्र केल्या तरी पुण्यात पाळणाघराचा खर्च भागवून संसार चालविणे शक्य नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि त्याला उत्तर देणे अगत्याचे आहे. ज्या देशात लक्षावधी विधवांना दोन वेळच्या अन्नाची भ्रांत आहे, तेथे मूल घेऊन जग हिंडण्याची चैन कोणाला सुचावी? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक घोटाळा आहे. पाळणाघराची उणीव फक्त परदेशी जाणाऱ्या स्त्रीलाच भासत नाही. हडपसरहून हिंजवडीला कामावर जाणाऱ्या स्त्रीलाही ती भासते, आणि गाव सोडून पुण्यास शिकायला येऊ पाहणाऱ्या तरुण विधवेलाही भासते. समुद्र ओलांडणे हे त्या अडचणीचे टोक आहे, एवढेच. जी व्यवस्था परदेशी निघालेल्या मातेला मोकळी करील, ती रोजच्या बसने निघालेल्या मातेलाही मोकळी करील. शिवाय रमाबाईंचा आणि पार्वतीबाईंचा प्रवास चैनीचा होता, असे त्यांचा कडवा टीकाकारही म्हणणार नाही. त्या प्रवासांतून या प्रांतातील स्त्रीशिक्षणाच्या संस्थांना बळ मिळाले. समाजाने त्यांच्या प्रवासासाठी जे दिले त्याच्या कितीतरी पट त्यांनी समाजाला परत केले.

काय करता येईल

उपाय असाध्य नाहीत. परदेशी शिक्षणासाठी सार्वजनिक निधीतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक शिष्यवृत्तीत, एकल पालक असलेल्या उमेदवाराच्या मुलाचे प्रवासभाडे, विमा आणि संगोपनाचा खर्च हे स्वतंत्र शीर्षक असावे. अशा उमेदवारांची संख्या थोडी असल्याने तिजोरीवर भार नगण्य पडेल. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांच्या केंद्रीय योजनेत पाळणाघराची तरतूद आहे. तोच नियम पुण्यातील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांनी काही खोल्यांपुरता का होईना स्वीकारावा. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या शहरात लेकुरवाळ्या विद्यार्थिनीला खोली मिळू नये, यात विसंगती आहे. माहेरी येणारी लेक मूल घेऊनच येत असते. पतीच्या मृत्यूची आणि मुलाच्या पालकत्वाची एकदा पडताळणी झाल्यावर एकच अधिकृत दाखला मिळावा आणि तो सर्वत्र ग्राह्य मानला जावा. शहरातील सेवाभावी संस्थांनी पालकांच्या सहकारी तत्त्वावरील पाळणाघरांना जागा द्यावी. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात साखर आणि दूध यांच्यासाठी जे जमले, ते मुलांसाठी जमू नये असे नाही.

आणि या सर्वांहून महत्त्वाची अट अशी, की ही मदत आईच्या निर्णयस्वातंत्र्यावर हक्क सांगणारी नसावी. मूल कोणत्या धर्मात, कोणत्या भाषेत, कोणत्या देशात वाढावे हे मदत करणाऱ्याने ठरवू नये. रमाबाईंना हा झगडा दोन खंडांत करावा लागला. मनोरमेने पुढे आईच्या खांद्याला खांदा लावून शारदा सदनाचा भार वाहिला आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी काही महिने, ती निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. त्या मायलेकींचे जीवन सोपे होते असे कोणी म्हणू नये. लहानपणीची ताटातूट त्या मुलीला किती सलली असेल, याचा अंदाज बाहेरच्या माणसाने न बांधलेला बरा.

रमाबाईंच्या नावाने सभागृहे बांधणे आणि जयंतीला त्यांच्या धैर्याची स्तोत्रे गाणे हे तुलनेने स्वस्त काम आहे. धैर्याची प्रशंसा करणारा समाज पुष्कळदा आपल्यावरील खर्च टाळीत असतो. कारण एखादीच्या अलौकिक सामर्थ्याचा गौरव केला, की सामान्य स्त्रीसाठी सोय करण्याची जबाबदारी आपोआप अंगाबाहेर टाकता येते. अलौकिक स्त्रिया आपापली वाट काढतातच. समाजाची परीक्षा होते ती साध्यासुध्या विधवेच्या बाबतीत, जिच्यापाशी पांडित्य नाही, बिरुदे नाहीत, फक्त एक संधी आहे आणि कडेवर एक मूल आहे. ती संधी घ्यावी की सोडावी, हे तिला स्वतःच्या इच्छेने ठरविता आले, तरच रमाबाईंचे आणि पार्वतीबाईंचे देणे फिटू लागले असे म्हणता येईल.